थांबवण्याची कळ

मराठीत 'कळ' हा शब्द मोठा बहुरूपी आहे. यंत्राला कळ असते, पोटात कळ येते, कोणी दोन घरांत कळ लावून देतो आणि वडीलधारी माणसे 'जरा कळ सोस' म्हणून समजावतात. गेल्या पावसाळ्यात उद्यमबागेतील एका लहानशा शेडमध्ये या शब्दाचे बहुतेक सगळे अर्थ आम्हांला एकाच दुपारी भेटले. त्याची ही हकीकत.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध केवळ कागदापुरता. आम्ही धारवाडच्या विद्यापीठाचे कला शाखेचे पदवीधर आणि आमची उभी नोकरी उद्योगधंद्यांशी संबंध येणाऱ्या एका सरकारी खात्यात गेली. 'आम्ही' म्हणण्याची खोडही तिथलीच. टिपणी लिहिताना एकट्याने जबाबदारी घ्यायची नसते, हे तेथे पहिल्याच वर्षी अंगवळणी पडते. निवृत्त झाल्यावर सकाळचे फिरणे, वाचनालय आणि नातवाचा अभ्यास यांत दिवस जात होते. त्यात पुतण्याने आम्हांला बोलावणे धाडले. टिळकवाडीतील घरापासून तिसरे रेल्वे फाटक ओलांडले की खानापूर रस्त्याने उद्यमबाग फार दूर नाही. स्कूटरवर दहा मिनिटे.

पुतण्याने एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात एक मिलिंग मशीन घेतली होती. लोखंड ठणठणीत, पण जुने नियंत्रण मेलेले. नवे विकत घ्यायचे तर मशीनपेक्षा तेच महाग. म्हणून त्याने जुने सर्किट काढून टाकले, नव्या मोटारी बसवल्या आणि त्यांना एक साधा संगणक जोडला. संगणकात 'लिनक्ससीएनसी' नावाची प्रणाली घातली. ही प्रणाली फुकट मिळते. तिचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत १९९०च्या दशकात झालेल्या कामात आहे, आणि आज जगभरचे हौशी व गरजू लोक मिळून ती सांभाळतात. पुतण्या रात्री जागून हे शिकला होता. आम्हांला त्याचे कौतुक वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडा हेवाही वाटला.

आमच्याकडे त्याचे काम एवढेच होते की, मशीन चालवणाऱ्यांसाठी एक सूचनापत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून द्यावे. "काका, परिपत्रकं लिहिण्यात तुमचा हात कोण धरणार?" असे म्हणून त्याने आम्हांला हरभऱ्याच्या झाडावर चढवले. शेडमध्ये संगणक एकच. तेव्हा त्याच संगणकावर, एका बाजूच्या खिडकीत आम्ही पत्रक टंकित करीत बसू लागलो आणि दुसऱ्या खिडकीत मशीन चालू राहू लागले.

बेळगावात लोखंडाला आकार देण्याचा धंदा आजचा नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते याच गावात. कडबा कापण्याची यंत्रे आणि पाठोपाठ लोखंडी नांगर त्यांनी येथेच केले. गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली आणि १९१० साली सगळा पसारा किर्लोस्करवाडीला गेला, हे आपल्या जुन्या घरांतून आजही हळहळून सांगितले जाते. हाताने चाक फिरवून कडबा कापायचे यंत्र आम्ही लहानपणी आजोळी पाहिले आहे. एकजण चाक फिरवी, दुसरा पेंढी सारी. सारणाऱ्याने नुसते "ए" म्हटले की फिरवणाऱ्याचा हात थांबे, आणि हात थांबला की पाते थांबे. चालवणे आणि थांबवणे एकाच मुठीत होते. त्या यंत्राला थांबवण्याची वेगळी कळ कोणी बसवली नव्हती, कारण तिचे कारणच नव्हते. पुढे त्याला मोटार लागली आणि मुठीतले थांबणे भिंतीवरच्या स्विचमध्ये गेले. मोटारीला "ए" ऐकू येत नाही.

पत्रक लिहिताना आम्ही पुतण्याला विचारले, "अरे, काही विपरीत घडले तर थांबवायचे कसे?" तो म्हणाला, "काका, प्रणालीत त्याला एफ-१ ही कळ आहे. पण ती कोपऱ्यात, घाईत सापडायची नाही. म्हणून मी स्पेसबारला तेच काम नेमून दिलंय. सगळ्यांत लांब कळ, आंधळ्यालाही सापडेल." आम्हांला ही युक्ती फारच पसंत पडली. शेडमधले जुने कारागीर, ज्यांना सगळे 'मामा' म्हणतात, ते जवळच कटर पुसत उभे होते. ते काही बोलले नाहीत. मामांचे न बोलणे हाही एक शेरा असतो हे आम्हांला त्या वेळी ठाऊक नव्हते.

श्रावणातला दिवस होता. पत्र्यावर पावसाचा असा आवाज की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. व्हाइसमध्ये फौंड्रीतून आलेला बिडाचा ठोकळा धरला होता. पुतण्याने प्रोग्रॅम सुरू केला आणि तो मोजमापाचे कागद बघू लागला. आम्ही आमच्या पत्रकात सहावे कलम लिहीत होतो: 'आणीबाणीच्या प्रसंगी कळफलकावरील लांब पट्टी दाबावी.' पूर्णविराम दिला आणि वाक्य बरे जमले का म्हणून चष्मा सावरून पाहू लागलो. एवढ्यात मामा ओरडले, "दादा, थांबीव!" प्रोग्रॅमला सुरुवातीचा शून्यबिंदू चुकीचा दिला गेला होता आणि कटर ठोकळ्याकडे न जाता सरळ व्हाइसच्या जबड्याकडे निघाला होता. आवाजावरून ते मामांना आधी कळले. पुतण्याने आमच्या खांद्यावरून झेप घेऊन लांब पट्टी दाबली. पुन्हा दाबली. चार वेळा दाबली.

मशीन चालूच राहिले. पडद्यावर मात्र हालचाल झाली. आमच्या सहाव्या कलमाच्या पूर्णविरामानंतर चार मोकळ्या जागा पडल्या आणि उभी रेघ लुकलुकत तेवढी पुढे सरकली.

कटर व्हाइसवर आपटला, मोडला, आणि त्याचा करंगळीएवढा तुकडा सणसणत जाऊन मागच्या पत्र्याला भोक पाडून गेला. तोपर्यंत मामा चार ढांगांत भिंतीपाशी पोहोचले होते. त्यांनी मेन स्विचचा दांडा खाली ओढला. पावसाखेरीज कसलाही आवाज उरला नाही. कोणाला खरचटलेही नव्हते. मामा परत आले, पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "काय लिवलंय ते जरा वाचा की, साहेब."

आम्ही वाचले नाही.

झाले होते ते असे. संगणकात एका वेळी अनेक खिडक्या उघड्या असतात, आणि कळफलकाची कळ दाबली की तिचा निरोप सगळ्यांत पुढे असलेल्या खिडकीलाच पोहोचतो. पुढे आमचे पत्रक होते. पत्रकाला थांबवण्याचा हुकूम म्हणजे नुसती मोकळी जागा. मोटारींना ठोके देणारा भाग प्रणालीत निराळा चालतो. पडदा गोठला तरी तो आपले काम इमाने इतबारे करीत राहतो. म्हणजे तोंड मिटले तरी हात चालूच. आणि दुसरी गोष्ट आम्हांला त्याहून भयंकर वाटली. एफ-१ ही कळ दुहेरी आहे. एकदा दाबली की थांबवण्याचा हुकूम चढतो, पुन्हा दाबली की उतरतो. पुतण्याने तेच काम पट्टीला दिले होते. त्याची खिडकी पुढे असती तरी चार वेळा दाबल्यावर हुकूम चढला, उतरला, चढला आणि उतरला असता. एफ-२ने पुन्हा चेतवल्याशिवाय मशीन फिरत नाही हे खरे, पण घाबरलेला माणूस मोजून एकदाच कळ दाबतो असे समजणाऱ्याने घाबरलेला माणूस पाहिलेला नसावा.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. पत्र्याच्या भोकापेक्षा एक जुनी फाईल आठवत राहिली. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. अनुदानाच्या एका प्रकरणात यंत्रसामग्रीची पाहणी करण्यासाठी आम्ही एका लहान कारखान्यात गेलो होतो. गाव सांगत नाही. सहा-सात कामगार, दोन पॉवर प्रेस. फॉर्मात रकाने होते: यंत्राचा मेक, अश्वशक्ती, बिलाचा क्रमांक, किंमत, आणि शेवटी 'चालू स्थितीत आहे काय'. एका प्रेसवरच्या तांबड्या बटणाच्या मागून दोन वायरी बाहेर काढून एकमेकींना पिळून टाकल्या होत्या. म्हणजे बटण दाबले काय, न दाबले काय, सारखेच. आम्ही सहज विचारले. मालक हसून म्हणाले, "पावसाळी हवेनं ते सारखं आपोआप बंद पडतं हो साहेब, काम खोळंबतं." चहा आला. बाकरवडी आली. आम्ही प्रेस चालू करायला लावली, ती धडाधड चालली, आणि आम्ही लिहिले: 'यंत्रे चालू स्थितीत आढळली.' खाली सही.

चार-पाच महिन्यांनी पुढच्या हप्त्याच्या वेळी कानावर आले की तेथल्या एका पोरसवदा कामगाराची दोन बोटे गेली. ते बटण धड असते तर बोटे वाचली असती असे आम्ही म्हणणार नाही. प्रेसचा ठोका पापणी लवण्याआधी पडतो. तेथे हात वाचवायचा तर साच्यापुढे जाळी हवी, किंवा दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणे हवीत. थांबवण्याची कळ अपघात टाळत नाही, सुरू झालेला अपघात वाढू देत नाही एवढेच. पण साचा हातावर बसलेला असताना मोटार फिरतच राहिली होती आणि मेन स्विच ओढायला कोणीतरी शेडच्या दुसऱ्या टोकाला धावले होते, असेही सांगणाऱ्याने सांगितले. तेवढा वेळ त्या पोराने काय सोसले असेल, ते आमच्या फॉर्मात बसणारे नव्हते. त्या वेळी लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्यात, कलम २४मध्ये, आणीबाणीत चालत्या यंत्राची शक्ती तोडण्याची सोय प्रत्येक कामाच्या खोलीत असावी असे स्पष्ट लिहिले होते. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असले तरच तो कायदा लागू होई, येथे सहा-सात. शिवाय ते तपासणे आमच्या खात्याचे कामही नव्हते. नियमाप्रमाणे आमच्या टिपणीत खोट काढायला जागा नव्हती. यंत्रे खरोखरच चालू स्थितीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेडमध्ये गेलो ते पत्रक लिहिण्यासाठी नव्हे. पुतण्या वरमून बसला होता. त्याला बोलण्यात अर्थ नव्हता. ती पट्टी आम्हीही पसंत केली होती. त्याने रात्रभर वाचून काढले होते आणि आता तो जे सांगू लागला ते आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे येथे देतो. वाचकांच्या घरांतही आता मुलेनातवंडे असल्या खटपटी करीत असतात, म्हणून जरा विस्ताराने.

थांबवण्याचे बटण तांबडे, भुईतून उगवलेल्या अळंबीसारखे फुगीर आणि पाठीमागे पिवळी तबकडी, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते तळहाताने, कोपराने, कशानेही दाबता येते. दाबले की आत अडकून बसते. दहा वेळा दाबा, ते आतच. सोडवायचे तर मुद्दाम पिळावे किंवा ओढावे लागते, आणि सोडवले तरी मशीन आपण होऊन सुरू होत नाही. सुरू करण्याची क्रिया निराळी. या बटणाच्या मागे जो संपर्क असतो तो नेहमी जुळलेला असतो आणि दाबले की तुटतो. कारागीर त्याला 'एनसी एलिमेंट' म्हणतात. उलट का नाही, म्हणजे दाबल्यावर जुळणारा का नाही, असे आम्ही विचारले. पुतण्या म्हणाला, "काका, समजा उंदरानं वायर कुरतडली. जुळणारा असेल तर बटण मेलं, आणि ते मेलंय हे आपल्याला गरज लागेल त्या दिवशीच कळणार. तुटणारा असेल तर उंदरानं वायर तोडताक्षणी मशीन बंद."

आम्हांला आगगाडीची साखळी आठवली. मिरज-लोंढा मार्गावर आयुष्यभर प्रवास केला, पण साखळी ओढल्यावर नेमके काय होते याचा विचार कधी केला नव्हता. दंडाची पाटी तेवढी वाचली होती. हवेच्या ब्रेकच्या गाडीत दाबाखालची हवा ब्रेक लावत नाही, ती ब्रेक सोडून धरते. साखळीने नळीतली हवा बाहेर पडते, दाब उतरतो आणि ब्रेक बसू लागतात. दोन डबे सुटून वेगळे झाले, नळी फाटली, तरी तेच. गाडीला थांबण्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची गरज लागत नाही, चालण्यासाठी मात्र लागते.

तर त्या तांबड्या बटणाची तार थेट मोटारींची वीज तोडणाऱ्या काँटॅक्टरपर्यंत न्यायची. मध्ये संगणक नाही. मग संगणकाचे काय? त्यालाही एक तार जाते, पण ती फक्त बटण दाबले गेले आहे हे त्याला समजावे म्हणून. नाहीतर मोटारी थांबल्या तरी आपण अजून पुढेच जात आहोत अशा भ्रमात तो राहील. सरकारी भाषेत सांगायचे तर संगणकाकडे 'माहितीस्तव प्रत' जाते, मंजुरीसाठी फाईल जात नाही. ही उपमा आम्ही दिली तेव्हा पुतण्या पहिल्यांदाच हसला.

एकदम वीज तोडणे हेही दर वेळी शहाणपणाचे नसते. कटर ज्या दांड्यावर फिरतो त्याची वीज तोडली तरी तो आपल्या वेगाने काही क्षण फिरत राहतो, आणि त्याला चटकन आवरायचे तर उलट विजेचीच मदत लागते. वर-खाली जाणारे डोके वीज गेल्यावर आपल्याच वजनाने खाली घसरू शकते, म्हणजे थांबवायला जावे आणि हातावर डोके उतरावे. म्हणून मानकांत थांबण्याचे प्रकार सांगितले आहेत: एकात ताबडतोब वीज तोडायची, दुसऱ्यात आधी आवरायचे आणि मग वीज तोडायची, आणि तिसऱ्यात आवरून वीज चालूच ठेवायची. आणीबाणीसाठी यांतले पहिले दोनच चालतात. पुतण्याने दुसरा घेतला. बटण दाबले की आवरण्याचा हुकूम जातो आणि एका सेकंदाने वेळेचा रिले वीज तोडतो, मग संगणकाने हुकूम पाळलेला असो वा नसो. डोक्याला त्याने असा ब्रेक बसवला की वीज असेतो तो उघडा राहतो, वीज गेली की स्प्रिंगने आवळतो. आणखी एक सोय केली ती आम्हांला फार आवडली. संगणक दर क्षणी अनेकदा एक बारीकसा ठोका एका रिलेकडे धाडत राहतो, जणू 'मी जागा आहे, जागा आहे'. ठोके थांबले, म्हणजे संगणक गोठला, की रिले आपण होऊन सुटतो आणि वीज जाते.

या खटपटीत चार दिवस मशीन बंद राहिले. पुतण्या चुळबुळत होता. फौंड्रीचे ठोकळे येऊन पडले होते. मामा वडगावच्या विणकर घराण्यातले. तेथे आणि शहापूर-खासबागेत यंत्रमागांचा खडखडाट ऐकत पिढ्या वाढल्या. जेवणाच्या सुट्टीत ते म्हणाले, "दादा, बाणा तुटला तर माग उभा ऱ्हातोय. कापड नासण्यापरीस माग उभा ऱ्हायलेला बरा." मामांना ठाऊक नसेल, पण जपानात साकिची टोयोडा यांनी याच एका गोष्टीवर आपले मोठेपण उभे केले. धागा तुटताच आपोआप थांबणारे माग त्यांनी केले. १९२४चा त्यांचा स्वयंचलित माग त्यांतला सर्वांत नावाजलेला. त्यांच्या घराण्याने पुढे मोटारी काढल्या, आणि काही बिघडले की कामगाराने ओळ थांबवायची ही त्या कारखान्यांतली रीत त्या मागावरूनच आलेली आहे.

याच्या नेमकी उलटी गोष्ट पुतण्याच्या वाचनात आली होती, ती ऐकून आमच्या अंगावर काटा आला. कॅनडात बनलेले थेरॅक-२५ नावाचे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. आधीच्या यंत्रात चूक झाली तर किरण अडवणाऱ्या स्वतंत्र यांत्रिक सोयी होत्या. नव्यात त्या काढून ते काम संगणकाच्या प्रोग्रॅमवर सोपवले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर प्रचंड मात्रा बसली आणि त्यांतले काही दगावले. तीच चूक जुन्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्येही होती असे पुढे आढळले; पण तेथे फार तर फ्यूज उडे आणि माणूस वाचे. टेक्सासमधील एका रुग्णालयात १९८६ साली यंत्र चालवणारीच्या पडद्यावर बिघाडाचा नुसता एक क्रमांक उमटला. यंत्र दिवसातून अनेकदा असे काही ना काही दाखवून अडत असे, आणि अशा वेळी 'पी' ही कळ दाबून पुढे जायचे, ही सवय झालेली. तिने 'पी' दाबली. आतल्या खोलीतल्या माणसाला दुसरा झटका बसला. त्या बाईला आम्ही दोष देऊ शकत नाही. 'पावसाळी हवेनं सारखं बंद पडतं' हे वाक्य आम्ही स्वतः ऐकून घेतलेले आहे.

पाचव्या दिवशी बटण बसले. आता आमचे पत्रक. सहाव्या कलमावर आमची गाडी पुन्हा अडली. बटणाशेजारी काय लिहावे? आपल्या गावात पाटी कोणत्या भाषेत असावी या प्रश्नाने किती आयुष्ये खाल्ली, ते येथील वाचकांना आम्ही काय सांगावे? शेडमध्ये मामा मराठी बोलतात पण अक्षरओळख बेताची, एक मुलगा हुक्केरीकडचा कन्नड वाचणारा, एक ओडिशाकडचा, ज्याला दोन्ही लिप्या परक्या. आम्ही मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार ओळींचा मसुदा केला. कोणती ओळ वर यावी यावर स्वतःशीच अर्धा तास घातला. पुतण्याने मानक वाचून सांगितले की त्या बटणावर आणि त्याच्या पिवळ्या तबकडीवर शक्यतो काहीच लिहू नये. रंग आणि आकार पुरेत. चौतीस वर्षांच्या नोकरीत एक शब्दही न लिहिता निकालात निघालेले हे आमचे पहिलेच प्रकरण.

तरी पत्रक हवेच होते, आणि सवयीने आम्ही त्याला एक तक्ता जोडला. तारीख, आणि पुढे रकाना: 'सकाळी दाबून पाहिले, मशीन बंद झाले.' खाली सही. रोज काम सुरू करण्यापूर्वी मशीन रिकामे चालवायचे, बटण दाबायचे, सगळे थंड झाले की पिळून सोडवायचे, मग एफ-१, मग एफ-२. लांब पट्टीचे काम काढून घेतले. ती आता मोकळी जागा पाडण्यापुरती. मामांनी हे काम आपणहून मागून घेतले. विश्वकर्म्याच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळली की ते बटणाकडे वळतात. सही म्हणून नावातली पहिली दोन अक्षरे, वळणदार, जरा तिरकी. तक्ता भरत गेला. श्रावण, भाद्रपद, गणपतीची सुट्टी, पुन्हा सह्या. दसऱ्याला खंडेनवमीच्या पूजेत त्या तांबड्या बटणालाही झेंडूचे फूल वाहिलेले आम्ही पाहिले.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी आम्ही गेलो तर शेड शांत. बाहेर माल न्यायला आलेला टेम्पो उभा, ड्रायव्हर विडी ओढत बसलेला, आणि पुतण्या फोनवर कोणाची तरी समजूत घालत होता. मामा बटणाची डबी उघडून बसले होते. "दाबलं, पण मिशीन काय बंद पडंना. म्हून म्होरं काय केलं न्हाई," ते म्हणाले. महिनोन्‌महिन्यांच्या हादऱ्यांनी बटणाच्या मागचे एलिमेंट आपल्या खाचेतून सुटून बाजूला लोंबत होते. बटण पुढून पूर्वीसारखेच तांबडे, पूर्वीसारखेच दाबले जाणारे. पण मागे ढकलायला काही उरले नव्हते, म्हणून संपर्क जुळलेलाच. उंदीर येऊन वायर तोडील, एवढाच विचार आम्ही सर्वांनी केला होता. एलिमेंट सुटून पडले तरी वीज तोडणारी बटणेही मिळतात, हे पुतण्याला त्या दिवशी कळले आणि त्याने तशी मागवली. टेम्पो रिकामा परत गेला. दिवाळीच्या तोंडावर एका दिवसाच्या कामाचे पैसे बुडाले, आणि पुतण्याने मामांना त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही, हे आम्ही नोंदवून ठेवतो.

मामांनी हात पुसले आणि तक्ता घेऊन आमच्यापुढे आले. त्या तारखेपुढचा रकाना कोरा होता. रकान्याचे शीर्षक आमचेच: 'दाबून पाहिले, मशीन बंद झाले.' मामा म्हणाले, "साहेब, बंद पडलं न्हाई त्याची सही कुठं करू?"

त्याला जागा नव्हती. आम्ही खिशातले पेन काढले, पट्टी मागून घेतली, आणि तक्त्याच्या उजव्या कडेला आणखी एक रकाना आखू लागलो.